वानिकी, वन्यजीव, जैवविविधता: शिकायला जाण्याआधी आणि शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आई-बाबांचे फोन सुरू होतात आणि चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाची वेळ आली की पोरापोरींचे मेसेज. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. प्रवेशाचे नियम वर्षागणिक थोडे हलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच.

१. वानिकी, पर्यावरणशास्त्र, वन्यजीवशास्त्र, जैवविविधता… हे सगळं एकच ना?

नाही. वानिकी ही कृषी विद्यापीठातली चार वर्षांची, आठ सेमिस्टरची पदवी आहे. रोपवाटिका, वनसंवर्धन, लाकूड, मृद्संधारण, गौण वनोपज (लाकडाखेरीजचं वनउत्पादन), वन्यजीव असं सगळं थोडं थोडं त्यात येतं आणि झाड वाढवून त्याचा उपयोग करणं हा तिचा गाभा असतो. पर्यावरणशास्त्रात हवा-पाणी-कचऱ्याचं मोजमाप आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकन यांवर भर असतो. वन्यजीवशास्त्र आणि जैवविविधता हे आपल्याकडे मुख्यतः एमएस्सीला घ्यायचे विषय; तिथे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, वानिकी, पशुवैद्यक, कधी कधी इंजिनिअरिंगचीही मुलं येतात. ज्याला फक्त पक्षी आणि प्राणी यांत रस आहे त्याने वानिकीलाच जावं असं नाही. साधी बीएस्सी करून पुढे वळणारे पुष्कळ आहेत (प्रश्न ११ पाहा).

२. बारावीनंतर महाराष्ट्रात वानिकीची पदवी कुठे करता येते? प्रवेश कसा होतो?

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. त्यांपैकी वानिकीच्या पदवीसाठी लोक प्रामुख्याने दोन ठिकाणी जातात: दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर, राज्य सीईटी कक्षाच्या कृषी प्रवेशप्रक्रियेतून होतो. काही जागा देशपातळीवरच्या कोट्यातून भरतात, त्यासाठी सीयूईटी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. घरी शेतजमीन असेल तर सातबारा आणि त्यासोबतचे दाखले आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तलाठी सापडत नाही.

आता जे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं ते. वर्गातले बरेच जण कृषीला नंबर लागला नाही म्हणून वानिकीला आलेले असतात. पहिलं वर्ष त्या नाराजीत जातं. आवडीने आलेल्या मुलाला त्यामुळे सुरुवातीला एकटं वाटू शकतं. तिसऱ्या वर्षापर्यंत चित्र बरंच बदललेलं असतं आणि नाइलाजाने आलेल्यांतलेच काही जण सगळ्यात चांगले झाडओळखे निघतात.

३. माझ्याकडे बायोलॉजी नव्हतं, गणित होतं. चालेल का?

चालतं, दोन्ही गटांतून प्रवेश मिळतो. पहिल्या दोन सेमिस्टरना वनस्पतिशास्त्र जड जाईल. पुढे संख्याशास्त्र आणि मेन्सुरेशन (झाडांची मोजणी) आलं की तुम्ही इतरांना शिकवाल.

४. तिथे नक्की काय शिकवतात? वाघ-बिबटे कधी बघायला मिळतात?

बिबट्याची विष्ठा बघाल, बिबट्या दिसेलच असं नाही. वाघाच्या आशेने कोकणातल्या कॉलेजात येणाऱ्यांचं आम्हाला नेहमी नवल वाटतं.

दिवसाचा मोठा भाग मोजण्यात जातो. मेन्सुरेशनच्या प्रॅक्टिकलला टेप, दोरी, खडू घेऊन उतारावर जायचं, दहा मीटर बाय दहा मीटरचा प्लॉट आखायचा आणि आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. वाचायला सोपं आहे. पण उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या अंगाने धरायची. झाड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर ती दोन खोडं वेगळी मोजायची. नेमकी तिथेच गाठ असेल तर गाठ टाळून घेर घ्यायचा आणि तसं वहीत लिहायचं. वेल चढली असेल तर टेप वेलीच्या खालून सरकवायची. आणि दोरीवरच उभं असलेलं झाड आत की बाहेर? यावरून गटात भांडणं होतात. रीत अशी, की प्लॉटच्या दोन बाजूंवरची झाडं आत धरायची आणि उरलेल्या दोन बाजूंवरची सोडून द्यायची. कुठल्या दोन, हे दोरी बांधण्याआधी ठरवा, नाहीतर आवडीचं मोठं झाड आपोआप ‘आत’ येतं आणि आकडा फुगतो.

झाडं ओळखण्याची खरी परीक्षा पानगळीनंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन आणि किंजळ शेजारी शेजारी उभे असतात आणि ओळखायला पान हाताशी नसतं. ऐनाच्या सालीला खोल भेगा पडून मगरीच्या पाठीसारखे चौकोन झालेले असतात. तेवढ्यावर खात्री पटत नसेल तर खाली वाका: पाच पंखांचं फळ पडलेलं असेल तर ऐन, एक मोठा पंख आणि दोन बारके असतील तर किंजळ. मास्तर तोंडीत हेच विचारतात.

रोपवाटिकेत सागाचे स्टंप करायला लावतात. चांगलं वाढलेलं रोप उपटायचं, वर जेमतेम बोटभर खोड आणि खाली वीतभर सोटमूळ ठेवायचं, बाकी सगळं छाटून टाकायचं. पहिल्यांदा करताना आपण झाड मारतोय असंच वाटतं. पावसाच्या तोंडावर तेच जमिनीत गेलं की फुटतं.

लाकडाचं प्रॅक्टिकल अनेकांना रटाळ वाटतं. मला ते आवडायचं. धारदार पात्याने आडवा छेद साफ करायचा, भिंग लावायचं आणि छिद्रांची मांडणी बघायची. सागात वर्षाच्या सुरुवातीची छिद्रं मोठी आणि ओळीने असतात, म्हणून वर्तुळं नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. फर्निचरवाल्याने ‘साग’ म्हणून काय गळ्यात मारलंय ते कळायला लागतं, आणि मग नातेवाइकांच्या घरी जेवायला गेल्यावर तोंड बंद ठेवणं अवघड होतं.

५. शास्त्रीय नावं पाठच होत नाहीत. काही युक्ती?

यादी पाठ करू नका. होस्टेल ते कॉलेज या रस्त्यावरची झाडं आधी करा आणि रोज जाता-येता नाव घ्या. स्थानिक नावाचाही आग्रह धरा, पण एक लक्षात ठेवा: एकच नाव कोकणात एका झाडाला आणि विदर्भात दुसऱ्याला असू शकतं. प्रबंधात म्हणून शास्त्रीय नाव लागतंच.

६. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजीत जमेल का?

पुस्तकं, परीक्षा, प्रबंध इंग्रजीत असतात आणि पहिलं सेमिस्टर त्रासाचं जातं. त्यानंतर ओजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून गुणांची सरासरी) घसरण्याचं कारण सहसा इंग्रजी नसतं, रेकॉर्ड बुक वेळेत पूर्ण न करणं हे असतं. उलट फील्डवर मराठी, वऱ्हाडी, कोकणी, गोंडी, कोरकू यांपैकी काही बोलता येणाऱ्याला जी माहिती मिळते ती इंग्रजी शाळेतल्या पोरांना मिळत नाही (प्रश्न ९ पाहा).

७. फील्डला काय न्यावं? आजारपणाची भीती वाटते.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट, पायमोजे पँटवर ओढून. रंग मातकट किंवा हिरवा, पण खाकी नको, त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत जळवा लागतात. त्या ओढू नका, नखाने कडेने सोडवा. जळवांनी रक्त जातं, बाकी फारसं काही होत नाही.

गोचिडी मात्र हलक्यात घेऊ नका. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गकडे, २०१६ पासून माकडताप आढळला आहे. तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, वनरक्षकाला आणि आरोग्य केंद्राला कळवा. विदर्भात पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस असतो, तो गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो. फील्डवरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी जंगलात होतो’ हे सांगा. शहरातला डॉक्टर आपणहून तसं विचारेलच असं नाही.

खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या दिवसांत झुडपांत हात घालण्याआधी वर बघावं. लागलीच तर चोळायचं नाही. शेंगेवरची लूस अंगात आणखी रुतते.

८. मुलगी वानिकीला जायचं म्हणते. जंगलात मुलींना पाठवणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात, आणि वर ‘आमची हरकत नाही, पण नातेवाईक’ असं म्हणतात.

आज वर्गात मुलींची संख्या चांगली असते. वन विभागात वनरक्षकापासून वरपर्यंत स्त्रिया आहेत, रात्रीची गस्तही घालतात. फील्डवर कोणीच एकटं जात नाही, मुलगेही नाही. जनावराची भीती त्यातल्या त्यात कमी. आमच्या ओळखीच्या मुलींना त्रास झाला तो संडास नसण्याचा, पाळीच्या दिवसांत दिवसभर उतारावर राबण्याचा आणि क्वचित सोबतच्या माणसांचा.

पहिल्या दोन गोष्टींवर उपाय साधे आहेत, फक्त ते मोठ्याने बोलावे लागतात. मुक्काम ठरवताना संडासाची चौकशी आधी करा. वापरलेले पॅड परत आणायला जाड काळी पिशवी ठेवा. काम सकाळी लवकर उरका. गटप्रमुख मुलगा असेल तर त्याला हे सांगायला लाजू नका, त्याला खरोखरच सुचलेलं नसतं.

तिसऱ्या गोष्टीसाठी कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अभ्यासदौरा, फील्ड आणि तिथवरचा प्रवास हेही कॉलेजच्या आवारासारखेच धरले जातात, म्हणून तिथे घडलेल्या छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे करता येते. ‘ते कॉलेजबाहेर झालं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. समितीच्या सदस्यांची नावं दौऱ्याला निघण्याआधीच मोबाइलमध्ये ठेवावीत.

९. सर्वेक्षणाला गेलो की गावकरी नीट बोलतच नाहीत. असं का होतं?

प्रश्नावलीत ‘तुम्ही जंगलातून सरपण आणता का?’ असं असतं. समोर पोरगा उभा, पायात बूट, अंगात खाकी पँट, हातात छापील कागद. पाठीमागच्या भिंतीला सरपणाची मोळी टेकलेली असते आणि उत्तर येतं, ‘नाही बा.’ मग प्रबंधात लिहिलं जातं की गावातल्या बहुतांश कुटुंबांचं जंगलावरचं अवलंबित्व कमी झालं आहे.

खाकी म्हणजे वन खातं, आणि वन खातं म्हणजे पावती किंवा दंड. पिढ्यान्‌पिढ्यांची ही आठवण एका सेमिस्टरमध्ये जात नाही. म्हणून खाकी घालू नका. वनरक्षकाच्या मोटारसायकलवर बसून गावात शिरू नका, तो कितीही भला असला तरी. पहिल्या दिवशी कागद बाहेर काढू नका. सरपंचाला भेटा, पण तिथेच थांबू नका. लाकूड बाया आणतात, माहिती पुरुषांना विचारतात, हा घोळ जुना आहे. पाणवठ्यावर, मोहाच्या झाडाखाली बायांशी बोला, आणि शक्यतो मुलींनी बोलावं. ‘आणता का’ ऐवजी ‘चुलीला कुठलं लाकूड बरं जळतं’ असं विचारून बघा. मग आजी तुम्हाला अर्धा तास झाडांबद्दल सांगेल आणि कुठलं कुठे मिळतं तेही.

दुसरी तयारी कायद्याची. वनहक्क कायदा २००६ न वाचता गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारकडे अभ्यासाला जाऊ नये. मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर वाद चालला, आणि २०११ मध्ये ते अधिकार ग्रामसभेकडे आले. अशा गावात तुम्ही ‘अवैध तोड’ हा शब्द वापरलात तर मुलाखत संपली. तिथले लोक व्यवस्थापन आराखडा, कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा), कापणीचा हंगाम या विषयांवर तुमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा मुद्द्याचं बोलतात.

पदवीच्या चार वर्षांत माणसांशी बोलायला शिकवणारे तास फार थोडे असतात, आणि नोकरीत मात्र रोज तेच करावं लागतं. माझी या शिक्षणाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

१०. प्रकल्पासाठी कोणाची परवानगी लागते? देवराईत काम केलं तर नाही ना लागत?

जमीन कोणाची आणि काम कसलं, यावर ते अवलंबून आहे. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली अभ्यासासाठीही परवाना लागतो, आणि त्यासाठीचा अर्ज नागपूरच्या वरिष्ठ कार्यालयापर्यंत जातो. प्राणी पकडायचा, खूण करायची, नमुना घ्यायचा असेल तर वेगळी आणि जास्त कडक परवानगी. साध्या प्रादेशिक वनात उपवनसंरक्षकांचं पत्र घ्या आणि त्याची प्रत वनक्षेत्रपालांना व नियतक्षेत्राच्या (बीटच्या) वनरक्षकाला स्वतः नेऊन द्या. पत्र पोस्टाने पोचलं तरी वनरक्षकाला माहीत नसतं, आणि जंगलात तुम्हाला हटकणारा तोच असतो.

परवानगीच्या वाटेवर सेमिस्टर निघून जातं. एका ओळखीच्या मुलीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात हिवाळा संपला आणि तिचे स्थलांतरित पक्षी परत गेले. पदवीच्या प्रकल्पाला म्हणून कॉलेजचं आवार, शेतबांध, खाजगी जंगल, तळं असं काही निवडावं.

देवराईबद्दल: महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हापासून विद्यार्थ्यांचा तिकडे ओढा आहे. जमीन कागदोपत्री देवस्थानाची, महसुलाची किंवा वन खात्याची असू शकते. सातबारा बघितल्याशिवाय धरून चालू नका. कागदावर काहीही असलं तरी गुरव, मानकरी आणि गावकी यांना विचारल्याखेरीज पाय ठेवायचा नाही. अनेक रायांत चपला बाहेर काढतात आणि वाळलेली काटकीही उचलत नाहीत. तिथे हर्बेरियमसाठी (वाळवून जपायच्या वनस्पती-नमुन्यांसाठी) फांदी तोडणं म्हणजे तुमच्यामागून येणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांना दार बंद करणं. फोटो घ्या, खाली पडलेलं पानही विचारून उचला.

११. एमएस्सी कुठे करावी?

वन्यजीवांसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) ही दोन नावं आधी येतात. दोन्हीकडे जागा मोजक्या, देशभरातून स्पर्धा. दोन्हीकडे बराच काळ एक वर्षाआड बॅच घेण्याची पद्धत राहिली आहे, त्यामुळे तुमची पदवी ‘चुकीच्या’ वर्षी संपली तर मधलं वर्ष काय करायचं ते आधी ठरवा. ते वर्ष एखाद्या संशोधकाकडे फील्ड असिस्टंट म्हणून घालवणं फुकट जात नाही. वानिकी आणि लाकूडशास्त्रासाठी डेहराडूनचीच वन संशोधन संस्था. व्यवस्थापनाकडे कल असेल तर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था. पुण्यात राहायचं असेल तर आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत पर्यावरणशास्त्र आणि वन्यजीव संवर्धन.

१२. वानिकी केली की वन विभागात नोकरी पक्की ना?

नाही. हा गैरसमज घेऊन येऊ नका. केंद्रातल्या भारतीय वन सेवेला वानिकीसोबत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, भूशास्त्र, कृषी, इंजिनिअरिंग वगैरेंचे पदवीधरही बसतात. पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच असते, पुढे मुख्य परीक्षा वेगळी. राज्यात सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदं एमपीएससीतून भरतात, तिथेही अनेक शाखांचे लोक असतात. वनरक्षकाला बारावी पुरते, आणि पदवीधरांची गर्दी तिथेही असते.

अभ्यासाइतकंच पायांकडे लक्ष द्या. भारतीय वन सेवेला पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं.

सरकारी नोकरीबाहेर स्वयंसेवी संस्था, पर्यावरण सल्लागार कंपन्या, कांदळवन आणि पाणलोटाचे प्रकल्प, बांबू व कृषिवनिकीतले उद्योग असे पर्याय आहेत. यातली बरीच कामं प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. घरी कर्ज असेल तर हे आधी घरच्यांशी बोला.

१३. भारतीय वन सेवेला वानिकी आणि कृषी असे दोन्ही वैकल्पिक विषय घेता येतात का? दोन्ही आमचेच आहेत.

नाही, ही जोडी चालत नाही. वानिकीसोबत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र घेणारे बरेच दिसतात.

१४. मी नोकरी करते, वय तिशीच्या पुढे. आता काही शिकता येईल का?

येईल. पुण्यात प्रकाश गोळे यांनी सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटी आणि मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांचे अभ्यासक्रम नोकरदारांनी केलेले आहेत. या अभ्यासक्रमांमुळे सरकारी पदाची पात्रता मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. व्याघ्र प्रकल्पांत बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायला मिळतं, तो अनुभव घ्यावा, पण तो अभ्यास नव्हे.

१५. माझे प्लॉट वणव्यात जळले. प्रबंध द्यायला दोन महिने उरलेत. काय करू?

असे मेसेज मार्चमध्ये हटकून येतात. आपल्याकडे वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, आणि प्रबंधांची घाईही तेव्हाच.

मार्गदर्शकांना त्याच दिवशी सांगा. मग प्लॉटवर जा. राख गार झाल्यावर कोपऱ्यांचे दगड शोधा, जुन्या जागांवरूनच फोटो काढा आणि प्रत्येक खोडावर काजळी किती उंच चढली आहे ते टेपने मोजा. लहान रोपं मेली की नुसती करपली हे लगेच कळत नाही, तेव्हा त्यांना खुणा करून ठेवा आणि पंधरवड्याने बुंध्यातून फूट येते का ते बघा. आगीआधीची तुमची मोजणी आता तुलनेसाठी हाताशी आहे, आणि अशी आधीची मोजणी बहुतेकांकडे नसते. शीर्षक बदलायला विभागाची मंजुरी लागते, तिचा अर्ज आधी टाका.

आगीची तारीख आणि क्षेत्र वनरक्षकाच्या नोंदीतून घ्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या उपग्रही सूचनांशी ते पडताळून बघा, मात्र झाडांच्या दाट छताखालची लहान आग उपग्रहाला दिसत नाही, त्यामुळे सूचना नाही म्हणजे आग नाही असं लिहू नका. एखादा प्लॉट सापडलाच नाही तर ‘सापडला नाही’ असंच लिहा. बाकीच्यांची सरासरी काढून तो भरून टाकायचा सल्ला सिनिअर देतील. तो ऐकायचा नाही. तोंडीला बाहेरचा परीक्षक कच्ची वही मागतो आणि त्या पानावर राखेचे डाग नसतात.